बाहेरून तीन पिना

आमच्या भावोजींचा धंदा आवाज बंद करण्याचा. स्वतःचा सोडून. ते झोपेतही बोलतात असं ताईचं म्हणणं, आणि ताई माझी सख्खी मोठी बहीण असल्यामुळे तिचं म्हणणं खोडून काढायची पद्धत आमच्या घरात नाही.

आवाज म्हणजे स्टिरिओतला. गाणं नव्हे, गाण्याच्या खालचा. ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर, अँप्लिफायर, कपाटाएवढे दोन स्पीकर असा सरंजाम असतो त्यांना तो ठाऊक असतो. सगळं नीट जोडावं, मागे रेलून बसावं, डोळे मिटावेत, आणि गाणारीनं तोंड उघडायच्या आत स्पीकरमधून यावं, घूंऽऽऽ. शेजारच्या खोलीत कुणी जाडा माणूस तोंड मिटून रडत असावा तसं. धंद्यातली माणसं त्याला हमिंग म्हणतात. गिऱ्हाइकं गुणगुण म्हणतात, घरघर म्हणतात, आणि तिसऱ्या दिवशी "तो मेला आवाज" म्हणतात.

मग भावोजींना बोलावणं जाई. ते यायचे, स्पीकरला कान लावायचे, ओळखीचं कुणी भेटल्यासारखी मान हलवायचे आणि म्हणायचे, "दोन मिनिटं. चहा टाका." चहा उकळायच्या आत गुणगुण गेलेली असे. गावात त्यांचं नाव पडलं चिडीचूप. दुकानाच्या पाटीवर दुसरंच काहीतरी होतं, पण ती पाटी बघून कुणी आलेलं मला आठवत नाही.

त्या दोन मिनिटांत ते काय करत, हे चाळीस वर्षं फक्त त्यांना आणि पुढे त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, ठाऊक होतं. आता सांगायला हरकत नाही. आता ते सगळ्यांना ठाऊक आहे.

प्लगला तीन पिना असतात. दोन पिना करंट आणायच्या-न्यायच्या. तिसरी, जाडी, ती अर्थिंगची. ती रोज काहीच करत नाही. फक्त कधी यंत्राच्या आत एखादी तार सुटून लोखंडी पेटीला टेकली, तर तो करंट माणसाच्या अंगातून न जाता हिच्या वाटेनं जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्याच कामावर तिची नेमणूक. आता होतं काय, केबल टीव्हीची तारही कुठेतरी जमिनीत गेलेली असते, आणि ती टीव्हीतून स्टिरिओला जोडलेली असते. म्हणजे जमिनीत जायच्या वाटा दोन झाल्या. दोन वाटा मिळून एक गोल होतो, आणि त्या गोलात एक बारीक करंट चकरा मारत बसतो. तीच गुणगुण. नीट काढायची तर सगळी यंत्रं एका बोर्डावर आणा, तारांच्या वाटा बदला, एकेक सोडून जोडून बघा. अर्धा दिवस जातो. भावोजींची रीत सुटसुटीत. प्लग उघडायचा आणि अर्थिंगची हिरवी तार कापायची. गोल तुटला, गुणगुण संपली.

हे बाकीचेही करतात. पण बाकीचे ती जाडी पिनच उपटून टाकतात. मग प्लग बोळका दिसतो आणि एखादा शहाणा विचारतो, "तिसरी कुठाय हो?" भावोजी नीटनेटके. ते पिन जागच्या जागी ठेवत, तार आतून कापत, कापलेलं टोक दुमडून काळ्या दोऱ्यानं बांधत, गाठ आतल्या अंगाला घेत आणि झाकण पुन्हा बसवत. बाहेरून तीन पिना, आत दोन तारा. दुसरा मेकॅनिक आला तरी त्याला पत्ता लागू नये. या सफाईचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान वाटावा अशीच ती होती.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला चष्मेवाले गेले.

चष्मेवाले म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचे मालक. वय एकसष्ट, पोट बेताचं, व्यसन फक्त रेकॉर्डचं, टीव्हीची केबलसुद्धा काढून टाकलेली. भावोजींचे तीस वर्षांचे गिऱ्हाईक, आणि भावोजी त्यांचे. रविवारी सकाळी बायको बाजारातून आली तर ते स्टिरिओपुढे आडवे आणि रेकॉर्ड संपून सुई खरखरत होती. डॉक्टरांनी लिहिलं, हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. त्यात खोटं काही नव्हतं. हृदयक्रिया बंद पडल्याशिवाय मरायची सोयच नाही. पण डॉक्टर मंडळी कारणाच्या रकान्यात निकाल लिहून मोकळी होतात.

चौथ्या दिवशी मी आणि भावोजी भेटायला गेलो. भावोजींनी हत्यारांची पिशवी बरोबर घेतली होती. ती ते लग्नालाही नेतात. चष्मेवाल्या वहिनी आतल्या खोलीत नातेवाइकांत बसल्या होत्या. बाहेर आम्ही दोघे, फोटो, आणि तो स्टिरिओ. बोलायला काही नव्हतं म्हणून भावोजींनी सवयीनं अँप्लिफायरला हात लावला. जुने मेकॅनिक तळवा लावत नाहीत, उलटा हात लावतात. करंट असलाच तर हात पेटीला न चिकटता मागे फेकला जातो. तो मागे फेकला गेला.

त्यांनी टेस्टर काढला. टेस्टर लागला. "टेस्टरचं काही नाही, तो गळतीनंसुद्धा मिणमिणतो," ते मला म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली आला होता. मग पिशवीतून त्यांनी होल्डरला दोन तारा लावलेला बल्ब काढला. एक तार पेटीला टेकवली, दुसरी भिंतीतल्या बोर्डाच्या अर्थिंगच्या भोकात घातली. बल्ब लख्ख पेटला. भर सकाळी, फोटोसमोर.

भावोजींनी स्टिरिओचा प्लग ओढून काढला. आत जाऊन म्हणाले, "वहिनी, तुमचा अँप्लिफायर सर्व्हिसिंगला नेतो."

वहिनींनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "न्या."

जिन्यात तिसऱ्या पायरीवर ते बसले. अँप्लिफायर मांडीवर.

"मी मारलं," ते म्हणाले.

"कुणाला?"

"चष्मेवाल्यांना. दुसरं कोण मेलंय?"

घरी बैठक बसली. मी, ताई, भाचा आणि भावोजी. भाचा अडतिसाचा, दोन मुलांचा बाप, आठ वर्षांपासून दुकान तोच बघतो.

"बाबा, डॉक्टरांनी हार्ट लिहिलंय," भाचा म्हणाला.

"ते थांबलं कशानं?"

"कुणी विचारलंय तुम्हाला?"

"नाही."

"मग कुणी न विचारता उत्तर द्यायची हौस का?"

ताई म्हणाली, "तू गप्प बस. आणि तुम्हीपण गप्प बसा. गेलेला माणूस काही परत येत नाही. दुकान गेलं तर तेही येणार नाही."

"आणि जे अजून गेले नाहीत त्यांचं काय?" भावोजी म्हणाले. "गावभर माझे प्लग आहेत. प्रत्येक घरात. मी कापलेले."

यावर दीड तास चर्चा झाली. आमच्या घरात जो निर्णय कुणालाच पटत नाही तो पक्का होतो. तसा झाला. कारण कुणाला सांगायचं नाही. भावोजींनी फुकट सर्व्हिसिंगच्या नावाखाली घरोघर जायचं, गुपचूप तार जोडायची आणि परत यायचं. पिशवी उचलायला मी, कारण भावोजींचे गुडघे, आणि मी निवृत्त, माझ्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं.

गिऱ्हाइकांची नावं भावोजींच्या लक्षात नव्हती. गुणगुण लक्षात होती. "शाळेच्या मागे, तिसरा मजला, जाड आवाज, पंखा लावला की चढायचा." "पाण्याच्या टाकीजवळ, बारीक, डासासारखा." त्या खुणांवर आम्ही घरं शोधत होतो. बरेच स्टिरिओ भंगारात गेले होते, काही मालकांच्याही आधी. जिवंत निघाले सत्तर.

पहिलं घर बँकेतून निवृत्त झालेल्या कॅशिअरचं.

"फुकट?" कॅशिअर दारातच म्हणाले. "तुम्ही? चिडीचूप, तुमचा वाढदिवस आहे की माझा?"

"सर्व्हिसिंग आहे."

"बिघडलंय काय?"

"बिघडू नये म्हणून."

"अर्थिंग-बिर्थिंग सगळं आहे हो. हे बघा," आणि त्यांनी प्लग काढून आमच्या नाकापुढे धरला. "एक, दोन, तीन."

भावोजींनी त्या तीन पिनांकडे असं पाहिलं, की मीच तोंड फिरवलं. चाळीस वर्षांच्या सफाईनं आता त्यांच्यावरच दार लावून घेतलं होतं. कॅशिअर पाणी आणायला आत गेले तेवढ्यात त्यांनी तार जोडली. स्टिरिओ लावला. घूंऽऽऽ.

कॅशिअर पाण्याचा तांब्या घेऊन उभेच राहिले. "हे काय?"

"असू द्या."

"असू द्या काय? हीच काढायला तर तुम्हाला बोलावलं होतं!"

"हळूहळू सवय होते."

"अहो, मग तेव्हाच झाली नसती का?"

भावोजींनी मला पिशवी उचलायची खूण केली. पुढेही तेच झालं. कुणी दारातून घालवलं, कुणी "मुलाला विचारून सांगतो" म्हणालं, कुणी आत घेतलं आणि आवाज आल्यावर हात धरून बाहेर काढलं. गावात झालं की चिडीचूपचं डोकं फिरलं. आयुष्यभर गुणगुण काढणारा माणूस ती घरोघर परत वाटत फिरतोय, आणि तीही फुकट. खरं तर बातमी बरोबरच होती. तीन आठवड्यांत एकोणीस घरं झाली.

त्यात हेडसरांचं घर होतं. हेडसर त्र्याऐंशी वर्षांचे, शाळेत भावोजींना गणित शिकवलेले, आणि दहा वर्षांपासून दृष्टी गेलेली. दिवसभर स्टिरिओजवळ खुर्ची टाकून बसतात. बटणं दिसत नाहीत म्हणून बोटं लोखंडी पेटीवरून फिरवत फिरवत शोधतात. भावोजींना चष्मेवाल्यांच्या खालोखाल स्वप्नात तेच यायचे, म्हणून तिथे आम्ही तिसऱ्याच दिवशी गेलो होतो. सरांनी विरोध केला नाही. आवाज ऐकला, मान तिरकी केली.

"राहू दे," म्हणाले. "तू म्हणतोस म्हणजे कारण असेल. पण मला आता फक्त कान आहेत रे."

तीन आठवड्यांनी भावोजी सहज बघायला म्हणून डोकावले. गाणं चालू होतं. गाण्याच्या खाली काहीही नव्हतं. स्वच्छ.

भावोजींनी प्लग ओढला आणि उघडला. हिरवी तार कापलेली. टोक दुमडलेलं. काळा दोरा, गाठ आतल्या अंगाला.

"हे मी केलं नाही," ते म्हणाले. स्वतःच्या सहीकडे बघून माणूस म्हणेल तसं.

सरांची सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचा मुलगाच येऊन गेला ना, काका. आम्ही दुकानात फोन केला होता. बिचाऱ्यानं दोन मिनिटांत काढून दिला. चहासुद्धा उकळला नव्हता."

तिथून आम्ही तडक दुकानात. भाचा एका रेडिओचं पोट उघडून बसला होता.

"किती घरं?" भावोजी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं नाही. "बारा."

"मी जोडत चाललोय आणि तू मागून कापत चाललायस?"

"लोक फोन करतात, बाबा. तुझ्या बापानं बिघडवलं म्हणतात. मी काय सांगू? खरं सांगायचं नाही, हे आपलं चौघांचं ठरलंय. ते सांगायचं नसेल तर मी आवाज बंद करणारा माणूस आहे. बंद करतो."

"नीट काढायचा होतास."

"शिकवलात का नीट?"

भावोजी स्टुलावर बसले. म्हणाले, "मला तरी कुठे येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चष्मेवाल्यांचा अँप्लिफायर कपड्यात बांधला. ताई दारात आडवी उभी राहिली.

"त्या बाईला सांगितलंत तर मी तुमच्याशी बोलणार नाही. सांगून ठेवते."

"नको बोलूस," भावोजी म्हणाले. "पण जाऊ दे."

ताईनं शब्द पाळला. ती शब्द पाळते, हेच तिच्याबद्दल भीती वाटण्याचं मुख्य कारण आहे.

चष्मेवाल्या वहिनींनी आम्हाला बसायला सांगितलं. भावोजी बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं, तार कापल्यापासून बल्ब पेटल्यापर्यंत. एवढं बोलणारा माणूस, पण पाच वाक्यांत संपलं. वहिनी ऐकत होत्या. त्या चष्म्याच्या दुकानात हिशोबानं काचांचे नंबर बघणाऱ्या बाई. अर्ध्या नंबराचा फरकही सोडत नसत.

"तेरा तारखेला ह्यांनी तुम्हाला फोन केला होता," त्या म्हणाल्या.

 मी भावोजींकडे पाहिलं. या फोनचं मला काही सांगितलं नव्हतं.

"मी शेजारीच होते. हे म्हणाले, पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात. तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, चपला घालून लावा."

"आणि हसलात."

"हसलो."

"हेही हसले. दुसऱ्या दिवशी रबराच्या चपला आणल्या, स्टिरिओसाठी वेगळ्या. घालायचे आणि मग बटण दाबायचे. मला दाखवायचे, बघ, चिडीचूपचं औषध." त्यांनी वर गच्चीकडे बोट दाखवलं. "त्या रविवारी चपला मळल्या होत्या म्हणून मी धुतल्या आणि गच्चीवर वाळत टाकल्या. मग बाजारात गेले. महिना झाला, मी धरून चालले होते की माझ्यामुळे झालं."

"नाही, वहिनी."

"ते आता कळलं मला. तुम्ही यायला महिना लावलात."

भावोजींनी मान खाली घातली. मी छताकडे बघितलं. छत चांगलं होतं.

"पोलिसांत जायचं," वहिनी म्हणाल्या.

"चला. मी तयार आहे."

त्या उठल्या, पदर नीट केला, आणि पुन्हा बसल्या. "अशी घरं किती आहेत म्हणालात?"

"सत्तर. त्यातली एकोणीस केली. त्यातली बारा परत कापली गेली."

"तुम्हाला आत टाकलं तर ती दाखवणार कोण?"

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मग आधी घरं," त्या म्हणाल्या. "शेवटचं झालं की जाऊ. उद्या नऊला येते."

त्या नऊला आल्या, नऊला पाच कमी असताना. पिशवी त्यांनी घेतली. मी कामावरून कमी झालो, पण मागून चालत राहिलो, कारण घरी बसून करायचं काय? दार उघडलं की वहिनी फक्त म्हणायच्या, "आमचे हे असल्याच प्लगनं गेले. उघडा तुमचा." पुन्हा कुणी पिना मोजून दाखवल्या नाहीत. कॅशिअरनं तर प्लग स्वतः आणून दिला, दोन बोटांत, मेलेल्या पालीसारखा धरून.

पाचव्या-सहाव्या घरी आवाज सुरू झाल्यावर वहिनींनी विचारलं, "हा राहणारच का? नीट काढता येत नाही?"

"अर्धा दिवस लागतो."

"मग? तुम्हाला कुठे जायची घाई आहे?"

असे भावोजी शिकायला लागले. जमिनीवर पालथे पडून एकेक तार सोडायची, जोडायची, कान लावायचा. सगळं एका बोर्डावर आणायचं. केबलची तार दुसरीकडून फिरवायची. पहिल्यांदा एका घराला दोन दिवस लागले आणि गुणगुण होती त्याहून वाढली. मग जमत गेलं. चाळीस वर्षं जो धंदा केला, तो त्यांना शेवटच्या दोन महिन्यांत आला. निम्म्या घरांतून गुणगुण पुरती गेली, बाकीच्यांत उरली आणि लोकांनी ती ठेवून घेतली. हेडसरांच्या घरी तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सरांनी बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "आता पद्धत बरोबर आहे. आधी नुसतं उत्तर बरोबर होतं." भावोजी बाहेर येऊन रडले. सरांनी त्यांना आयुष्यात दिलेले ते पहिलेच पास होण्याइतके मार्क.

दुकान भाच्यानं बंद केलं नाही. गिऱ्हाइकांनी केलं. गोष्ट सगळीकडे झाली होती. एक दिवस तो आमच्या जिन्यात आला आणि बापाच्या हातात कागद ठेवला. "ही मी माझी केलेली. तुमच्या यादीत नसलेली. बत्तीस." अक्षर सुवाच्य, पत्ते पूर्ण, मजल्यासकट. भावोजी काहीतरी बोलणार होते. तो म्हणाला, "शाबासकी देऊ नका," आणि उतरून गेला.

यादी लांबली तसा मला गुपचूप आनंद झाला. त्याचं कारण सांगायला हवं. रोज संध्याकाळी वहिनी झालेल्या घरावर काट मारत, आणि मी मनात वजाबाकी करत असे. चाळीस राहिली. एकतीस. बावीस. यादी संपली की पोलीस, हे ठरलेलं. भावोजी कधी रेंगाळले नाहीत. उलट सकाळी मलाच हाका मारून उठवत. माझ्यापुढे प्रश्न होता, शून्य कसं टाळायचं. उत्तर माझ्याच बाहेरच्या खोलीत होतं. माझ्या स्टिरिओचा प्लगही त्यांनीच कापलेला. पोलिसांचं ठरलं त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, मी नवा प्लग बसवून घेतलाय. साफ खोटं. जोवर माझी तार तुटलेली आहे तोवर यादी संपलेली नाही, आणि यादी संपलेली नाही तोवर भावोजी घरी आहेत. स्टिरिओ मी लावणं बंद केलं आणि प्लग काढून ठेवला. मेहुण्यावर माझं प्रेम आहे, पण जिवावरही आहे.

शेवटचं घर झालं त्या दिवशी दुपारचे बारा वाजले होते. वहिनींनी काट मारली, पेनाला टोपण लावलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"एक राहिलंय," भावोजी म्हणाले.

"कुठलं?" मी म्हणालो.

"तुझं."

"सांगितलं ना तुम्हाला, नवा प्लग..."

"तू आयुष्यात प्लग बदललेला नाहीस. तू बल्ब बदलायला मला बोलावतोस."

माझ्या घरी आलो. मी म्हणालो, "भावोजी, मी हे भंगारात देतो. आत्ता देतो. म्हणजे मोजायलाच नको. किंवा असं करा, पुढच्या आठवड्यात बघा. किंवा पावसाळा झाल्यावर."

"वहिनी, हा वेळ काढतोय," भावोजी म्हणाले.

वहिनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. "काढू दे," म्हणाल्या. "अर्धा दिवस आपलाच आहे."

भावोजींनी प्लग उघडला. स्वतःची गाठ स्वतःच सोडली, हिरवी तार पिनेला लावली, स्क्रू पिळला, तार ओढून बघितली, पुन्हा पिळला. मग साडेचार वाजेपर्यंत ते माझ्या टेबलाखाली पालथे होते. मी तीनदा चहा केला. वहिनींनी तीनदा घेतला. साडेचारला भावोजींनी टेबलाखालूनच प्लग लावला आणि आम्ही तिघांनी कान दिला. अगदी बारीक, लांब कुठेतरी, घूं.

"फार आहे हो," मी म्हणालो. "अशी ठेवून कसं चालेल? उद्या पुन्हा या. परवा या."

भावोजी टेबलाखालून बाहेर आले. "थोडी राहिलीय," म्हणाले, आणि वहिनींकडे बघितलं.

वहिनी उठल्या. स्पीकरपाशी वाकल्या, काचेचा नंबर तपासावा तशा डोळे बारीक करून ऐकत राहिल्या. मला वाटलं, म्हणतील, नाही, ही चालणार नाही. त्यांनी यादीच्या तळाशी माझं घर लिहिलं आणि त्याच्यावर काट मारली.

"ही चालेल," त्या म्हणाल्या. "चला."

भावोजींनी मोरीत हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून. मी दाराची कडी काढायला उगाच वेळ लावला. तरी ती निघाली.

खाली जिन्याच्या तोंडाशी ताई उभी होती. हातात कापडी पिशवी. तिला कुणी कळवलं होतं, विचारायचं धाडस मी केलं नाही. ती भावोजींकडे बघत नव्हती. दोन महिने बघत नव्हती, तशीच.

"वहिनी," ताई म्हणाली, "यांना सांगा, दोन सदरे घातलेत, टॉवेल आहे, आणि सकाळची गोळी जेवणाआधी घ्यायची."

भावोजी दोन फुटांवर उभे होते. वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "सकाळची गोळी जेवणाआधी."

"माहीत आहे म्हणावं," भावोजी म्हणाले.

"त्यांना सगळं माहीत असतं म्हणावं," ताई म्हणाली, आणि पिशवी पुढे केली.

हे वहिनींनी पोचवलं नाही. त्यांनी ताईच्या हातातली पिशवी घेतली, दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी होतीच, आणि दोन्ही घेऊन त्या रस्त्याला लागल्या. भावोजी त्यांच्या मागून, रिकाम्या हातांनी.